'अंगठा ठेवा' म्हणणाऱ्या सर्वांना खुले पत्र

स. न. वि. वि.

रेशन दुकानदार, सेतू केंद्रात बसणारी मुलं-मुली, बँकेच्या खिडकीपलीकडची मंडळी, सिमकार्ड विकणारे, कारखान्याच्या गेटवर हजेरीचं यंत्र सांभाळणारे, परीक्षेच्या दारात बोटं तपासणारे, अशा तुम्हा सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहितोय. कामं वेगळी असली तरी तुमच्या तोंडी वाक्य एकच असतं : "अंगठा ठेवा."

माझा अंगठा उमटत नाही. माझ्या आत्याचा उमटत नाही. माझ्या मुलीचा पावसाळ्यात उमटतो आणि थंडी पडली की बंद होतो. आमची आजी शाळेत गेली नव्हती, म्हणजे लोकांच्या भाषेत अंगठेबहाद्दर. पण तिचा अंगठाही काही बहाद्दर नव्हता. जमिनीच्या वाटणीच्या कागदावर तिने शाईचा अंगठा लावला तेव्हा रेघा आल्याच नाहीत, नुसता जांभळा डाग पडला. कारकून म्हणाला, "आजी, नीट दाबा." आजीने नीट दाबलं. डाग मोठा झाला.

पत्राचं निमित्त मात्र आत्या. निफाड तालुक्यातल्या एका गावात ती एकटी राहते, सत्तरी ओलांडलेली आहे. अंगात बळ होतं तोवर द्राक्षबागांत घड विरळ करायच्या थिनिंगला, घड औषधात बुडवायच्या डिपिंगला जायची. आता गुडघे धरतात. अंत्योदयचं कार्ड आहे, महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. गेल्या नोव्हेंबरात ती दुकानात गेली. अंगठा ठेवला, यंत्राने नाही म्हटलं. "मावशी, हात धुऊन या." धुतले. "साबणाने धुवा." साबणाने धुतले. मग दुसरा अंगठा, मग एकेक करत दहाही बोटं. मागे रांग खोळंबलेली. त्यातून कोणीतरी ओरडलं, "म्हातारे, कार्ड कोणाचं आणलंस?" आणि लोक हसले. दुकानदार म्हणाला, उद्या या, नेटवर्क बरं असेल. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी ती गेलीच नाही. मला फोन आला तो दहा दिवसांनी, शेजारणीच्या मोबाइलवरून. "मशीन म्हनतं, मी मी नाहीच. आता तूच येऊन सांग त्याला."

मी रजा टाकून गेलो. भांडायचं ठरवूनच गेलो होतो, पण दुकानदार भला माणूस निघाला. डोळ्यांच्या यंत्राचं विचारलं तर त्याने गल्ल्याखालचा खण उघडला. ई-पॉस म्हणजे अंगठा घेणाऱ्या रेशनच्या यंत्राबरोबर आलेलं बुबुळ वाचायचं उपकरण तिथे प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं, चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. "कधी गरजच पडली नाही," तो म्हणाला. पिशवी फाडली, वायर जोडली, आत्याने डोळे मोठे केले आणि पावती बाहेर आली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील, त्यातली तीन पिशवी फाडण्यात गेली.

कधी गरजच पडली नाही! ती गरज दोन दिवस त्याच्यासमोर, पदराखाली हात लपवून उभी होती. हे मी त्याला बोललो नाही. तुम्हा सगळ्यांना म्हणून लिहितोय.

आधी आमच्या हातांची ओळख करून देतो. घरात आम्ही त्यांना 'आजीचे हात' म्हणतो. तळहात आणि तळपायांची कातडी जाड, पिवळट, आंब्याच्या वाळल्या सालीसारखी. मनगटाशी एक लालसर रेघ असते, तिथे हे सगळं एकदम थांबतं. रेघेच्या वर तुमच्यासारखीच कातडी. मूल वर्षाचं व्हायच्या आत हे दिसायला लागतं. निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे, दरवर्षी पेपरात पारा छापून येतो. त्या दिवसांत आमच्या हातापायांना अशा भेगा पडतात की लिंबू पिळायचं म्हटलं तरी छातीत धस्स होतं. पावसाळ्यात उलटं, कातडी पाणी पिऊन पांढरी फुगते आणि तिला वास येतो. रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून बसायचं, वज्रीने घासायचं, मग युरियाचं मलम, वरून आमसुलाचं तेल. भांडी बाजारातून आणलेली आजीची पितळी वज्री अजून घरात आहे. तिच्या रेघा झिजल्या, आमची कातडी नाही झिजली.

डॉक्टरी भाषेत याला पामोप्लांटर केराटोडर्मा म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण अर्थ तळहात-तळव्यांची जाड कातडी एवढाच. हा एक आजार नाही, आजारांचं घराणं आहे. त्यातला आमचा प्रकार केराटिन-९ नावाच्या प्रथिनाच्या जनुकातल्या बिघाडामुळे होतो. केराटिन म्हणजे कातडीच्या पेशींना आतून धरून ठेवणारे दोर. ते कच्चे विणले गेले की साध्या दाबानेही पेशी फुटतात आणि कातडी स्वतःला वाचवायला थरावर थर चढवत राहते. हे नऊ नंबरचं केराटिन शरीरात जवळजवळ फक्त तळहात आणि तळपायांतच असतं, म्हणून जाड कातडी मनगटाच्या रेघेशी थांबते. आईबापांपैकी एकाला असलं तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. माझ्या आजीची चार मुलं. दोघांना आलं, दोघं सुटले. नाणेफेक अगदी हिशेबाने झाली म्हणायची.

कातडीच्या डॉक्टरांनी मला सांगितलेली एक गोष्ट इथे सांगायचा मोह होतो. ठोस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १८८० साली अशा हातांच्या एका घराण्याची नोंद केली. पुढे १९०१ साली फोर्नर या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा दिसणारा प्रकार मांडला, आणि पुस्तकांत हे दोन निरनिराळे आजार म्हणून छापले जाऊ लागले. ठोस्टच्या नोंदीनंतर सुमारे ११० वर्षांनी, म्हणजे १९९२च्या सुमारास, त्याच घराण्याच्या पुढच्या पिढ्या शोधून काढून तपासल्या, तेव्हा कळलं की त्यांच्या कातडीतही फोर्नर यांनी पाहिलेलीच खूण आहे. १९९४ मध्ये केराटिन-९च्या जनुकातला बिघाड सापडला. एका घराण्याचे हात एवढी वर्षं लक्षात ठेवणारी माणसं जगात आहेत, हे ऐकून मला उगाच बरं वाटलं होतं. आमच्याकडे आजीच्या वेळी एकच निदान होतं : गरोदरपणी ग्रहण पाळलं नसेल.

दुसरं निदान याहून वाईट. हात पुढे केला की समोरचा मागे सरतो. सुट्टे पैसे तळहातावर न देता काट्याच्या परातीत टाकतो. कोणी मोठ्याने विचारत नाही, पण त्याच्या मनात महारोग आलेला असतो. एक तर महारोगावर आज पक्के उपचार आहेत आणि त्या माणसांनाही असं वागवायचं कारण नाही. दुसरं म्हणजे त्या रोगात बधिरपणा येतो. आमचं दुखणं उलट आहे, आम्हाला सगळं जाणवतं. भेगेत मीठ गेलेलं जाणवतं आणि तुम्ही यंत्राची काच आमच्यानंतर पुसून घेतलेलीही जाणवते. हा संसर्ग नाही. काचेवरून, नोटांवरून, हात मिळवल्याने तो कोणालाही होत नाही.

आता तुमच्या यंत्राबद्दल. बोटांच्या ठशावरून माणूस ओळखायचं खूळ (मी खूळच म्हणतो, क्षमा करा) याच देशात कारभारात रुजलं. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर आख्ख्या पंज्याचा ठसा घेतला. माणसाने उद्या सही नाकारू नये, एवढाच त्यामागे हेतू. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय निघालं, आणि ठसे लावून ठेवायची जी पद्धत पुढे जगभर गेली तिच्या पायाशी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी फौजदारांची आकडेमोड होती. तेव्हापासून सरकार रेघांवर विश्वास ठेवत आलंय. तुमचं यंत्र त्या रेघा कुठे संपतात आणि कुठे फुटतात त्या जागा मोजतं. आमच्या बोटांवर रेघा जाड थराखाली बुजलेल्या, आणि भेगांच्या नव्या रेघा त्यांना आडव्या गेलेल्या. आधार काढताना जी भेग होती ती आज भरलीय, दुसरीकडे नवी पडलीय. यंत्राला वाटतं माणूस बदलला. यंत्राचं चूक नाही. तिथे पलीकडे एक माणूस बसवलेला असतो तो एवढ्यासाठीच.

गोदाघाटावर एकदा मित्रांनी आग्रहाने मला एका हात बघणाऱ्यासमोर बसवलं. त्याने बराच वेळ माझा पंजा उजेडात धरला, आयुष्यरेषा शोधली, आणि पैसे न घेता उठवलं. ई-पॉसपेक्षा तो प्रामाणिक. निदान "तुमचा हात मला वाचता येत नाही" असं तोंडाने म्हणाला.

आम्ही थोडे आहोत, हे मान्य. पण ठसा न लागणारे थोडे नाहीत. चुन्या-सिमेंटात हात घालणारे गवंडी, आयुष्यभर दहा घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया, म्हातारी माणसं, ज्यांच्या रेघा वयानेच पुसट होतात. कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या कॅपेसिटाबिन या गोळीने तळहात-तळवे लाल होऊन सोलतात आणि ठसे जाऊ शकतात. सिंगापूरच्या एका वयस्क रुग्णाला ठसे उमटेनात म्हणून अमेरिकेच्या विमानतळावर चार तास बसवून ठेवलं होतं, तो किस्सा २००९ साली डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आला. स्वित्झर्लंडमध्ये तर एका घराण्याला जन्मतःच ठसे नाहीत. बाकी कातडी निरोगी, फक्त बोटं कोरी. २०११ मध्ये त्याचं जनुक सापडलं, आणि या लोकांना सीमेवर होणारा खोळंबा पाहून डॉक्टरांनी गमतीने त्या विकाराला 'इमिग्रेशनला उशीर होण्याचा आजार' म्हटलं. आपण तर नाशिककर! आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये देशाचे पासपोर्ट छापतात. ओळख म्हणजे काय हे आपल्याला कळायला हवं, असं मला आपलं वाटतं.

तुमच्यावर राग धरून हे लिहीत नाही. उलट माझा तुमच्यावर एक हक्क आहे असं मी समजतो, कारण महिन्याला तुम्ही जेवढे हात बघता तेवढे कातडीचा डॉक्टरसुद्धा बघत नसेल. आणि काही हात बघून बोलायला हवं असतं. आमचा प्रकार तळहातावर सुरू होतो नि तिथेच थांबतो, पण आजारांच्या या घराण्यातले सगळेच असे गरीब नाहीत. ग्रीसमधल्या नॅक्सॉस बेटावर १९८६ साली डॉक्टरांनी काही कुटुंबं नोंदवली : जाड तळहात-तळवे, लोकरीसारखे कुरळे केस, आणि तरुणपणी हृदयाचे ठोके बिघडून जिवाला धोका. हाताची कातडी आणि हृदयाचा स्नायू या दोन्हींतल्या पेशी एकमेकींना सांधणारं प्रथिनच तिथे बिघडलेलं असतं. दुसरा एक प्रकार, पापियाँ-लफेव्र, १९२४ साली दोन फ्रेंच डॉक्टरांनी नोंदवला. त्यात मुलाचे हातपाय जाड होतात आणि हिरड्या सडून दुधाचे दात चार-पाच वर्षांतच गळतात. पक्के दातही पुढे टिकत नाहीत. हा नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतो, आणि मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आपल्याकडे काही घरांत अजून आहे. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या दोन घराण्यांत अशा तळव्यांबरोबर अन्ननलिकेचा कर्करोग पिढीजात चालत आलेला १९५८ साली नोंदला गेला. आणखी एका प्रकारात बहिरेपण येतं.

हे घाबरवायला सांगत नाही, आणि तुम्ही डॉक्टरकी करावी असंही नाही. पण उद्या आईच्या कडेवरच्या पोराने तुमच्या काउंटरवर जाड पिवळा पंजा ठेवला आणि ते हसलं तेव्हा पुढचे दात नसले, तर "हात धुऊन आणा" ऐवजी "कातडीच्या डॉक्टरला दाखवलंत का?" एवढं विचारा. आमच्या घरात आजीला, वडिलांना, आत्याला कोणीही कधी हे विचारलं नाही. मला विचारलं ते कंपनीतल्या एका सुरक्षारक्षकाने. हजेरीचं यंत्र मला रोज गैरहजर ठरवायचं, दोनदा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला, आणि सायबांपर्यंत माझं गाऱ्हाणं त्याने पोचवलं. पुढे तोच म्हणाला, माझ्या गावाकडे एकाचे असेच हात आहेत, तो औषध लावतो, तुम्ही का नाही दाखवत? त्याच्यामुळे चाळिसाव्या वर्षी मला माझ्या हातांचं नाव कळलं. त्या महिन्यापासून हजेरीला मला कार्ड मिळालं.

औषधाचं म्हणाल तर मुळापासून बरं करणारं अजून काही नाही. युरिया, सॅलिसिलिक ॲसिड, घासणं, आणि बुरशी झाली तर तिच्यावर वेगळा इलाज. पोटातून घ्यायची ॲसिट्रेटिन नावाची गोळी आहे. पण आमच्या प्रकारात तिने कातडी इतकी पातळ आणि हुळहुळी होऊ शकते की चालणं आणखी अवघड होतं. शिवाय बाईने ती घेतली तर बंद केल्यावरही तीन वर्षं दिवस जाऊ देता येत नाहीत, गर्भाला धोका असतो. मुलीला डॉक्टरांनी ती दिली नाही. म्हणजे हे हात असेच राहणार, आणि यंत्रंही राहणारच.

मग मधला रस्ता कोणता? तो आहे, तुमच्याच नियमांत आहे. आधार प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी खास रेशन आणि इतर योजनांसाठी परिपत्रक काढलं. ठसा जुळला नाही म्हणून लाभ नाकारायचा नाही. दुसरं बोट, बुबुळ, मोबाइलवर येणारा ओटीपी हे मार्ग वापरायचे, आणि तेही जमले नाहीत तर आधार पाहून, वहीत नोंद करून माल द्यायचा, असा त्याचा मथितार्थ. २०२३च्या डिसेंबरात केरळमधल्या बोटं नसलेल्या एका बाईंचा प्रश्न गाजला तेव्हा केंद्र सरकारने पुन्हा सांगितलं की ठसे देता येत नसतील तर फक्त बुबुळांवर आधार काढता येतं. बोटं नसलेल्या किंवा ठसे-बुबुळं देऊ न शकणाऱ्या सुमारे २९ लाख लोकांना तोवर आधार मिळालेलंही होतं. पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला आता चेहऱ्यावर काढता येतो. रेशनची ई-केवायसीही चेहरा दाखवून करायचं ॲप आलंय. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजलेत, त्यांत आमच्या आजाराचं नाव नाही, तेव्हा दाखला दाखवून वेगळी खिडकी मागायची सोयही आम्हाला नाही. आमचं सगळं तुमच्या समजूतदारपणावर.

मागणं फार नाही. ठसा दोनदा लागला नाही की तिसऱ्यांदा बोट दाबून धरू नका. भेग उकलते आणि रक्त येतं, मग काच पुसायची पाळी खरोखरच येते. बोट कोरडं असेल तर ओल्या फडक्याने पुसू द्या, कधी तेवढ्यानेही भागतं. कोणतं बोट सगळ्यांत बरं उमटतं हे एकदा तपासून कार्डावर पेन्सिलीने लिहून ठेवा, पुढच्या महिन्यात तुमचाही वेळ वाचेल. आणि पर्याय आम्ही मागायच्या आधी तुम्ही काढा. मागणारा माणूस रांगेत आधीच संशयित झालेला असतो.

मुलीचं सांगतो आणि आवरतो. मागच्या वर्षी एका प्रवेश परीक्षेला ती गेली. थंडी नव्हती तरी ठसा लागला नाही. आम्ही डॉक्टरांचं पत्र लॅमिनेट करून दिलं होतं, पण ते बाहेर ठेवलेल्या पिशवीत राहिलं, आत कागद न्यायला बंदी. दारातल्या बाईंनी तिला बाजूला उभं केलं आणि बाकीची पोरं एकेक करून आत जात राहिली. पेपरला पाच मिनिटं असताना कोणीतरी वरिष्ठ आले, हमीपत्रावर सही घेतली, फोटो काढला आणि आत सोडलं. हे त्यांना पहिल्या मिनिटालाही करता आलं असतं. घरी येताना ती रिक्षात गप्प होती. सीबीएस बसस्थानकापाशी सिग्नलला म्हणाली, "पेपर सोपा होता, बाबा. पण पहिला अर्धा तास माझा हात लिहीतच नव्हता."

येत्या महिन्यात आत्या पुन्हा दुकानात येईल. हात पदराखालीच असतील, ती सवय आता जायची नाही. तिला अंगठा मागू नका, डोळे मोठे करायला सांगा. ते तिला जमतं.

कळावे,

आपला,
ठसा न उमटणारा एक नाशिककर

ता. क. डोळ्यांचं यंत्र तुमच्याकडेही असेलच. आजच पिशवीतून काढून एकदा चालू करून बघा. आमच्या दुकानदाराची वायर खणात चेपून मोडायला आली होती.